एचआयव्हीसोबत जगताना कलंकाचा भार कसा उतरवावा आणि मन कसे सांभाळावे

एचआयव्हीवरचे उपचार आज इतके परिणामकारक आहेत की वेळेवर निदान झालेली आणि नियमित औषधे घेणारी व्यक्ती जवळपास इतरांइतकेच दीर्घ आयुष्य जगू शकते. तरीही अहवाल हातात पडल्यावर आजाराच्या भीतीइतकीच, कित्येकदा तिच्याहूनही मोठी भीती मनात उभी राहते, ती म्हणजे हे कोणाला कळले तर काय होईल याची. जागतिक आरोग्य संघटनेच्या एड्सविषयक कार्यक्रमाचे तत्कालीन प्रमुख जोनाथन मान यांनी १९८७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेसमोर या साथीचे तीन भाग सांगितले होते. विषाणूचा नकळत होणारा प्रसार हा पहिला, काही वर्षांनी दिसणारा एड्सचा आजार हा दुसरा, आणि समाजाकडून येणारा कलंक, भेदभाव व नकार हा तिसरा. पहिल्या दोहोंना आवर घालणारी औषधे आली. तिसऱ्यावर गोळी नाही, आणि म्हणूनच त्याच्याशी कसे वागायचे हे पायरीपायरीने समजून घेण्याची गरज आहे.

पुढचे सगळे विवेचन एका भेदावर उभे आहे. आपली वैद्यकीय माहिती खासगी ठेवणे आणि त्या माहितीची शरम वाटणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात, कारण दोन्हींमध्ये माणूस गप्प असतो. पण पहिलीत निर्णय त्याच्या हातात असतो आणि दुसरीत तो भीतीच्या हातात गेलेला असतो. सगळ्यांना सांगून मोकळे व्हा, असा सल्ला मी देणार नाही. सांगायचे की नाही, कोणाला आणि कधी, हे ठरवण्याची ताकद तुमच्याकडे परत यावी, एवढ्यासाठी हा लेख आहे.

पायऱ्या क्रमाने दिल्या असल्या तरी त्या एकाच महिन्यात चढायच्या नाहीत. निदान नुकतेच झाले असेल तर पहिल्या दोन पुरे आहेत. मनात जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील, तर मात्र बाकी सगळे सोडून आधी सहावी पायरी वाचा.

पहिली पायरी: जुन्या भीतीच्या जागी आजची माहिती ठेवा

हा विषाणू १९८३ मध्ये सापडला, १९८७ मध्ये त्यावरचे पहिले औषध मंजूर झाले, आणि तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत १९९६ च्या सुमारास रूढ होईपर्यंत निदान म्हणजे मृत्यूची सूचना अशीच परिस्थिती होती. त्या वर्षांत लोकांच्या मनात जी चित्रे ठसली, ती औषधे बदलल्यावरही पुसली गेली नाहीत. आज ज्याला निदान होते तोही त्याच समाजात वाढलेला असतो, त्यामुळे तीच चित्रे तो आता स्वतःला लावतो. कलंकाशी पहिला सामना इथेच करावा लागतो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, उपचारांमुळे ज्यांच्या रक्तातील विषाणूंचे प्रमाण, म्हणजे व्हायरल लोड, तपासणीत सापडणार नाही इतके खाली गेलेले आहे आणि तसेच टिकून आहे, त्यांच्याकडून लैंगिक संबंधांतून जोडीदाराला एचआयव्हीचा संसर्ग होत नाही. हा केवळ दिलासा देण्यासाठी केलेला दावा नाही. युरोपातील पार्टनर या अभ्यासात, जोडीदारांपैकी एकाला एचआयव्ही आहे आणि दुसऱ्याला नाही अशा शेकडो जोडप्यांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला गेला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या टप्प्यात कंडोमशिवाय सुमारे ५८,००० वेळा, तर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पुरुष जोडप्यांवरील दुसऱ्या टप्प्यात सुमारे ७६,००० वेळा संबंध आल्याची नोंद होती. उपचार घेणाऱ्या जोडीदाराकडून दुसऱ्याला झालेला एकही संसर्ग त्यांत आढळला नाही. या अभ्यासात २०० प्रतींची मर्यादा धरलेली होती, म्हणजे एक मिलिलिटर रक्तात विषाणूंची संख्या त्याखाली असणे. नियमित औषधे घेणाऱ्या बहुतेकांचा व्हायरल लोड सहा महिन्यांच्या आत या पातळीखाली येतो.

या सत्याची मर्यादाही सांगायला हवी. ते लैंगिक संबंधांना लागू होते. स्तनपानातून होणारा संसर्ग उपचारांमुळे फार कमी होतो, पण तो शून्य होतो असे सिद्ध झालेले नाही, आणि इंजेक्शनची सुई वाटून घेण्याबाबतही तसे म्हणता येत नाही. शिवाय इतर लैंगिक आजारांपासून ही औषधे संरक्षण देत नाहीत.

आता रोजच्या जगण्याकडे या. निदानानंतर काही जण स्वतःच आपला पेला आणि टॉवेल वेगळा ठेवू लागतात, मूल कुशीत आले की तोंड फिरवतात, स्वयंपाक करताना बोट कापले तर हात थरथरू लागतो. लाळ, घाम, अश्रू, मिठी, चुंबन, एकत्र जेवण, एकच शौचालय, डासाचा डंख यांपैकी कशातूनही एचआयव्ही पसरत नाही. दाढीचे ब्लेड आणि दात घासण्याचा ब्रश कोणीच कोणाचा वापरू नये, पण तो नियम सगळ्यांसाठी आहे. घरात कोणीही न सांगता तुम्ही स्वतःवर घातलेले असे एखादे बंधन असेल, तर ते आज शोधा आणि सोडून द्या. मनाला हजार वेळा समजावण्यापेक्षा वेगळा ठेवलेला पेला इतरांच्या पेल्यांत नेऊन ठेवणे अधिक परिणाम करते.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारायचे चार प्रश्न कागदावर लिहून न्या. माझा शेवटचा व्हायरल लोड किती होता, तो कोणत्या तारखेचा होता, पुढची तपासणी कधी, आणि या आकड्याचा माझ्या जोडीदाराच्या दृष्टीने अर्थ काय? 'चांगला आहे' एवढ्या उत्तरावर थांबू नका. आकडा मागून घ्या, कारण मन घाबरलेले असते तेव्हा मोघम दिलासा टिकत नाही, आकडा टिकतो.

दुसरी पायरी: कलंक नेमका कुठे बोचतो ते शोधा

'लोक वाईट वागतात' या एका वाक्यात चार निरनिराळे अनुभव मिसळलेले असतात. काही वेळा प्रत्यक्ष भेदभाव झालेला असतो. कोणी नोकरी नाकारते, कोणी घर सोडायला सांगते, कोणी घृणेने बोलते. काही वेळा असे काहीच घडलेले नसते, पण ते घडेल या धास्तीने माणूस आधीच मागे सरतो. तिसऱ्या प्रकारात आजूबाजूच्या गप्पा, बातम्या, विनोद ऐकून समाज आपल्याला काय समजतो याचा अंदाज मनात पक्का होतो. आणि चौथा प्रकार म्हणजे तोच अंदाज खरा मानून स्वतःला कमी लेखणे. प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे. प्रत्यक्ष भेदभावावर तक्रार करता येते, धास्तीवर करता येत नाही, आणि स्वतःविषयीच्या तिरस्काराला मित्राची सहानुभूतीही पुरत नाही.

म्हणून दोन आठवडे एक छोटी नोंद ठेवा. ज्या प्रसंगी मन आखडले तो प्रसंग एका ओळीत लिहा आणि पुढे खूण करा: हे घडले, हे घडेल असे वाटले, की हे मीच स्वतःला म्हणालो किंवा म्हणाले. उदाहरणार्थ, पाहुणे येणार म्हणून गोळ्यांच्या बाटलीवरचे लेबल नखाने खरवडून काढले, तर ती धास्ती आहे. उपचार केंद्राबाहेर ओळखीचा चेहरा दिसला म्हणून रांग सोडून परत आलात, तर तीही धास्तीच आहे, पण तिची किंमत अधिक आहे, कारण त्या दिवशी औषध मिळाले नाही. बहुतेकांच्या वहीत प्रत्यक्ष घडलेल्या गोष्टींपेक्षा बाकीच्या दोन खुणा जास्त भरतात, असे मला वाटते. त्याचा अर्थ भीती खोटी आहे असा मुळीच नाही. एकदा झालेला अपमान पुढची दहा वर्षे माणसाला सावध ठेवतो. पण कोणत्या भीतीमुळे तुमचे औषध, झोप किंवा नाते बिघडते आहे हे दिसले की काम कुठे सुरू करायचे ते कळते.

ही नोंद दुसऱ्याच्या हाती लागण्याची शक्यता असेल तर 'एचआयव्ही' हा शब्द न लिहिता सांकेतिक खूण वापरा. आधी सांगितलेल्या भेदाप्रमाणे ही खबरदारी आहे, शरम नाही.

तिसरी पायरी: स्वतःवर चालवलेला खटला थांबवा

चौथ्या प्रकारचा कलंक सर्वांत चिवट असतो, कारण त्याला बाहेरच्या माणसाची गरजच नसते. 'मला माझ्या कर्माची शिक्षा मिळाली', 'माझ्यामुळे घराला बट्टा लागला', 'आता माझ्यावर कोणी प्रेम करणार नाही' ही वाक्ये मनात इतक्या वेळा फिरतात की ती मते आहेत हे विसरायला होते. त्यांना कागदावर आणा. प्रत्येक वाक्याखाली लिहा, हे मला कोणी शिकवले? मग त्याच परिस्थितीतली तुमची जिवलग व्यक्ती समोर बसली आहे असे समजून तिला तुम्ही काय म्हणाल ते लिहा. बहुतेक माणसे मित्राशी न्यायाने बोलतात आणि स्वतःशी निर्दयपणे. दोन्ही वाक्ये शेजारी लिहिली की ती तफावत डोळ्यांनी दिसते.

इथे अपराधभाव आणि शरम यांची गल्लत होऊ देऊ नका. 'त्या वेळी मी काळजी घ्यायला हवी होती' या अपराधभावाला पुढची कृती असते. जोडीदाराची तपासणी करून घेणे, यापुढे औषध न चुकवणे, जमल्यास माफी मागणे या मार्गांनी तो हळूहळू निवतो. 'मी माणूस म्हणूनच वाईट आहे' या शरमेपुढे कोणतीही कृती नसते, ती फक्त माणसाला कोपऱ्यात बसवते. मनात आलेल्या वाक्यातून एखादी कृती निघत असेल तर ती करा, आणि काहीच निघत नसेल तर ते वाक्य तुमच्या उपयोगाचे नाही असे समजा.

आणखी एक सापळा आहे, त्यात भले भले सापडतात. 'मला रक्तातून झाला', 'मला नवऱ्याकडून झाला', 'मी जन्मतःच घेऊन आलो' असे सांगून काही जण स्वतःला निर्दोष ठरवतात. त्यामागची व्यथा खरी असते, पण निर्दोष कोण हे ठरवायला बसले की दोषी कोण हेही ठरते, आणि कलंकाचे यंत्र तसेच चालू राहते. संसर्ग कसा झाला यावर कोणाच्याही उपचारांचा किंवा सन्मानाचा हक्क अवलंबून नसतो. हे सांगण्याची गरज आजही पडते, याचे मला दुःख वाटते.

चौथी पायरी: कोणाला सांगायचे ते सावकाश ठरवा

हा सगळ्यांत अवघड भाग आहे, आणि घाई सर्वांत जास्त इथेच होते. निदान झालेल्या रात्री धीर सुटून चार जणांना फोन केले जातात आणि पुढची कित्येक वर्षे त्यांपैकी दोघांची धास्ती वाटत राहते. सांगितलेली गोष्ट परत घेता येत नाही, न सांगितलेली मात्र उद्याही सांगता येते. म्हणून पहिले काही दिवस समुपदेशक आणि डॉक्टर यांच्यापुरतेच बोलणे ठेवले तरी चालेल.

सांगण्याआधी स्वतःला हेतू विचारा. या माणसाकडून मला नेमके काय हवे आहे? केंद्रावर सोबत, वाईट दिवशी फोनवर बोलायला कोणी, की निव्वळ मनावरचे ओझे कमी होणे? हेतू स्पष्ट असला की माणूसही स्पष्ट होतो. जो सर्वांत जवळचा तोच या कामासाठी योग्य असेलच असे नाही. आईवर जीव असतो, पण तिला रात्रभर झोप लागणार नाही आणि शेवटी तुम्हालाच तिला सांभाळावे लागेल, हे माहीत असेल तर पहिली निवड एखादी शांत डोक्याची बहीण किंवा जुना मित्र असू शकतो.

मग अंदाज घ्या. एचआयव्हीविषयीची एखादी बातमी किंवा ओळखीपलीकडच्या कोणाची तरी हकिकत बोलण्यात आणा आणि समोरचा काय म्हणतो ते ऐका. पूर्वी कोणी सांगितलेले गुपित त्याने तुमच्यापाशी फोडले आहे का, हेही आठवा. इतरांची गुपिते जो तुम्हाला सांगतो, तो तुमचे इतरांना सांगेल.

वेळ अशी निवडा की नंतर निदान एक तास दोघांनाही कुठे जायचे नसेल. भांडणाच्या भरात, मद्य घेतल्यावर किंवा शारीरिक जवळीक सुरू असताना हा विषय काढू नका. बोलणे लांबण लावून सुरू केले तर समोरचा आधीच घाबरतो, म्हणून थोडक्यात आणि सरळ सांगा. असे म्हणता येईल: "मला तुझ्यापाशी एक खासगी गोष्ट बोलायची आहे. मला एचआयव्ही आहे. मी रोज औषध घेतो आणि माझी तब्येत चांगली आहे. हे मी मोजक्या लोकांना सांगतो आहे, म्हणून ते तुझ्यापाशीच राहावे अशी माझी इच्छा आहे. तुला काही विचारायचे असेल तर विचार." यात बातमी आहे, धीर आहे, आणि गुप्ततेची विनंतीही आहे. 'तुला कसा झाला?' हा प्रश्न बहुधा येतोच. त्याचे उत्तर देण्याचे बंधन नाही. "ते मी आत्ता बोलणार नाही, पण पुढे काय करायचे त्यात तुझी मदत हवी आहे," एवढे पुरेसे आहे.

पहिली प्रतिक्रिया शेवटची समजू नका. तुम्हाला ही गोष्ट पचवायला काही आठवडे किंवा महिने लागले, समोरच्याला पाच मिनिटे मिळाली आहेत. गप्प बसणे, रडणे, विचित्र प्रश्न विचारणे यांना वेळ द्या. शिवीगाळ, धमकी किंवा इतरांना सांगून टाकण्याचा इशारा यांना मात्र वेळ देऊ नका. तिथून उठा आणि समुपदेशकाशी बोला.

जोडीदाराला सांगणे हा वेगळा विषय आहे, कारण त्याच्या किंवा तिच्या आरोग्याचाही प्रश्न असतो, आणि काही देशांत याबाबत कायदेशीर बंधनेही आहेत. आपल्या ठिकाणचा नियम उपचार केंद्रात विचारून घ्या. बहुतेक ठिकाणी समुपदेशकाच्या उपस्थितीत किंवा त्याच्या मदतीने जोडीदाराला सांगण्याची सोय असते. ती कमीपणाची मानू नका, कारण वैद्यकीय प्रश्नांची उत्तरे तिसऱ्या माणसाने दिली की तुमच्यावरचा भार निम्मा होतो. घरात मारहाण होत असेल किंवा तशी भीती असेल तर एकट्याने मुळीच सांगू नका. आधी सुरक्षित जागेची आणि सोबतीची व्यवस्था करा, ती करण्यात मदत करणे हे समुपदेशकाचे काम आहे.

एचआयव्ही असलेल्या मुलांबाबत पालक फार काळ गप्प राहतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार शाळकरी वयात, म्हणजे साधारण सहा ते बारा वर्षांच्या दरम्यान, मुलाच्या समजेप्रमाणे टप्प्याटप्प्याने ही माहिती द्यावी. सहा वर्षांच्या मुलाला 'तुझ्या रक्तात एक जंतू झोपलेला आहे आणि ही गोळी त्याला झोपवून ठेवते' एवढे समजते. नाव नंतर सांगता येते. पण मुलाला खोटे कधी सांगू नका, कारण एक दिवस ते औषधाच्या डब्यावरचे नाव वाचणारच आहे.

फोनकडेही लक्ष द्या. तपासणीच्या अहवालाचे फोटो गॅलरीत राहतात आणि कित्येकदा आपोआप दुसऱ्या उपकरणांवरही पोहोचतात. ते कुलूपबंद फोल्डरमध्ये ठेवा आणि औषधाच्या आठवणीच्या गजराला साधे, कोणाचेही लक्ष वेधणार नाही असे नाव द्या.

पाचवी पायरी: रोजच्या गोळीभोवतीची कुचंबणा कमी करा

कलंक शरीरापर्यंत पोहोचतो तो गोळीच्या वाटेने. लग्नघरी, प्रवासात, वसतिगृहात कोणी पाहील म्हणून एक मात्रा राहते, मग दुसरी राहते, आणि व्हायरल लोड पुन्हा वर गेला की 'माझे सगळे संपले' ही भावना आणखी पक्की होते. ही साखळी तोडायला धैर्यापेक्षा सोय अधिक उपयोगी पडते. गोळी अशा वेळेशी बांधा जी तशीही एकांताची असते, उदाहरणार्थ सकाळी दात घासण्याची. आठवड्याच्या खणांच्या साध्या डबीत गोळ्या काढून ठेवल्या तर लेबलाचा आणि बाटलीच्या खुळखुळाटाचा प्रश्न मिटतो. मात्र काही गोळ्या ओलाव्यापासून जपण्यासाठी मूळ बाटलीतच ठेवाव्या लागतात, म्हणून आधी औषध देणाऱ्या व्यक्तीला विचारा. प्रवासात दोन-तीन दिवसांचा जादा साठा वेगळ्या पिशवीत ठेवा. कोणी विचारलेच तर 'डॉक्टरांनी रोज घ्यायला सांगितलेली गोळी आहे' हे उत्तर पूर्ण खरे आहे. काही देशांत दर दोन महिन्यांनी घ्यायच्या इंजेक्शनचा पर्यायही उपलब्ध झाला आहे. घरात गोळी लपवणे अशक्यच असेल तर त्याविषयी डॉक्टरांकडे जरूर चौकशी करा.

मात्रा राहिली तर ती डॉक्टरांना सांगा. त्यांच्या रागाच्या भीतीने 'एकही चुकली नाही' असे सांगणारे खूप असतात, आणि मग व्हायरल लोड का वाढला याचे चुकीचे कारण शोधले जाते.

मनःस्थिती औषधामुळेही बिघडू शकते. एफाव्हिरेन्झ या औषधाने काहींना चक्कर, अतिशय ठळक आणि भीतिदायक स्वप्ने, झोपमोड आणि उदासी जाणवते. डोल्युटेग्रॅव्हिरने काहींची झोप उडते, आणि ते सकाळी घेतल्यास बरे वाटू शकते. औषध सुरू केल्यावर किंवा बदलल्यावर मन खचू लागले असेल, तर तारीख लिहून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. औषध स्वतःहून थांबवू नका, बदलून मागा.

सहावी पायरी: दुःख आणि नैराश्य यांतील सीमा ओळखा

निदानानंतर दुःख होणारच. रडू येणे, राग येणे, काही दिवस कोणाशी बोलावेसे न वाटणे याला आजार म्हणत नाहीत. पण सलग दोन आठवडे, जवळपास रोज, मन उदास राहत असेल किंवा पूर्वी आवडणाऱ्या कशातच रस वाटत नसेल, आणि जोडीला झोप, भूक, एकाग्रता बिघडली असेल, तर ते नैराश्य असू शकते. अनेक दवाखान्यांत यासाठी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची छोटी प्रश्नावली वापरली जाते. तिच्यात एकूण गुण २७ असतात, आणि १० किंवा त्याहून अधिक गुण आल्यास पुढील तपासणी व उपचारांचा विचार करतात. उपचार केंद्रात ती भरून घेण्याची मागणी तुम्ही स्वतः करू शकता. थकवा आणि भूक मंदावणे यांचे कारण शारीरिकही असू शकते, म्हणून दोन्ही बाजू तपासल्या जाव्यात.

मरणाचे विचार येत असतील, विशेषतः ते कसे करायचे याची आखणी मनात सुरू झाली असेल, तर आजच, या क्षणी कोणाला तरी सांगा आणि एकटे राहू नका. जवळच्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग किंवा आत्महत्या प्रतिबंध हेल्पलाइन गाठा. तिथे एचआयव्हीविषयी सांगणे आवश्यक नाही, 'मला जीव द्यावासा वाटतो' एवढेच वाक्य मदत मिळण्यासाठी पुरते. घरात साठवलेली औषधे किंवा इजा करता येईल अशा वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात द्या. निदानानंतरचे पहिले काही महिने या दृष्टीने जास्त जोखमीचे असतात, हे घरच्यांनीही लक्षात ठेवावे.

नैराश्यावरचे उपचार एचआयव्हीच्या औषधांबरोबर घेता येतात. फक्त दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची औषधे माहीत असायला हवीत, कारण झोपेच्या आणि चिंतेच्या काही गोळ्यांचा परिणाम ठरावीक एचआयव्ही औषधांमुळे धोकादायक प्रमाणात वाढतो. उदासीवर वनौषधी म्हणून विकले जाणारे सेंट जॉन्स वर्ट तर टाळाच. ते अनेक एचआयव्ही औषधांचे रक्तातील प्रमाण घटवते आणि उपचार निष्फळ ठरू शकतात. दारूने रात्र निभावते, पण सकाळची गोळी बहुधा तीच चुकवते.

मानसोपचारतज्ज्ञ परवडत किंवा सापडत नसेल तरी मार्ग बंद होत नाही. झिंबाब्वेतील मानसोपचारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी २००६ मध्ये आरोग्य केंद्रांबाहेरच्या बाकांवर बसून प्रशिक्षित ज्येष्ठ स्त्रियांनी लोकांशी बोलावे, असा उपक्रम सुरू केला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, ज्यांना हा आधार मिळाला त्यांची नैराश्याची लक्षणे सहा महिन्यांनी इतरांपेक्षा स्पष्टपणे कमी होती, आणि सहभागींमध्ये एचआयव्हीसह जगणारे बरेच जण होते. त्यांची पद्धत साधी आहे. सगळ्या अडचणींची यादी करायची. त्यांतली एकच निवडायची, आणि ती सर्वांत मोठी असावी असा आग्रह नको. तिच्यावरचे शक्य ते सगळे उपाय, वेडेवाकडे असले तरी, लिहायचे. एक उपाय घेऊन आठवड्याभरात करता येईल एवढे छोटे पाऊल ठरवायचे, आणि आठवड्यानंतर त्याच माणसासमोर बसून काय झाले ते सांगायचे. शेवटचा भाग गाळू नका. सारा गुण त्या परत येऊन सांगण्यात आहे.

सातवी पायरी: आपल्यासारख्यांना भेटा

१९८३ मध्ये अमेरिकेतील डेनव्हर येथे एड्स झालेल्या काही जणांनी एकत्र येऊन, आम्हाला बळी म्हणू नका आणि आमच्याविषयीच्या निर्णयांत आम्हाला स्थान द्या, अशी मागणी मांडली. १९९४ च्या पॅरिस परिषदेत अनेक देशांच्या सरकारांनी त्या तत्त्वाला मान्यता दिली. आज उपचार केंद्रांशी जोडलेले आधारगट त्याच परंपरेतले आहेत. पंधरा वर्षे औषधे घेणारा, मुलांचे अभ्यास घेणारा, पाठदुखीची तक्रार करणारा माणूस समोर बसलेला पाहिला की कोणत्याही माहितीपत्रकाने होणार नाही ते काम होते.

गट निवडताना मात्र डोळे उघडे ठेवा. इथले बोलणे बाहेर जाणार नाही हा नियम सुरुवातीलाच सांगितला जातो का? बोलण्याची सक्ती होते का? औषधे सोडायला लावणारे किंवा 'पूर्ण बरे करतो' म्हणून काही विकणारे कोणी तिथे आहे का? असेल तर तो गट सोडा. ऑनलाइन गटात वेगळे नाव आणि वेगळा ईमेल वापरा.

आठवी पायरी: प्रत्यक्ष भेदभाव झाला तर

सर्वांत जास्त दुखावणारा भेदभाव अनेकदा आरोग्य सेवेतच होतो. फाईलवर सर्वांना दिसेल अशी खूण करणे, सगळ्यांच्या शेवटी शस्त्रक्रियेला घेणे, नुसती नाडी पाहायला हातमोजे घालणे, वॉर्डात मोठ्याने निदान उच्चारणे हे सगळे चूक आहे, कारण संसर्ग टाळण्याची मानक खबरदारी प्रत्येक रुग्णासाठी सारखीच असते. त्याच दिवशी तारीख, वेळ, ठिकाण, काय बोलले गेले आणि कोण हजर होते ते लिहून ठेवा. मग काय करायचे ते थोडे शांत झाल्यावर ठरवा. लेखी तक्रार, वरिष्ठांशी बोलणे, रुग्णहक्क किंवा कायदेशीर मदत करणाऱ्या संस्थेकडे जाणे, किंवा डॉक्टर बदलून विषय सोडून देणे, हे सगळेच मार्ग योग्य आहेत. प्रत्येक लढाई लढायलाच हवी असे नाही, आणि न लढल्याचा अपराधभाव नको. तक्रार करण्याआधी तिच्यामुळे तुमचे निदान आणखी किती जणांना कळेल हे मात्र विचारून घ्या.

नोकरीच्या ठिकाणी वैद्यकीय कारणाने सवलत हवी असेल, तर पुष्कळदा निदानाचे नाव न लिहिता डॉक्टरांचे प्रमाणपत्र मिळू शकते. कायदे देशागणिक वेगळे असल्याने सही करण्याआधी विचारा.

नववी पायरी: पुन्हा उचल खाण्याच्या वेळा आधीच ओळखून ठेवा

वर्षानुवर्षे सगळे नीट चालले असताना एखाद्या दिवशी जुनी शरम अचानक वर येते. त्या वेळा बऱ्याच अंशी ठरलेल्या असतात: निदानाचा वाढदिवस, नवे प्रेम, लग्नाचा विषय, गर्भारपण, शहर बदलल्यावर नव्या केंद्रात पुन्हा पहिल्यापासून सगळे सांगणे, दुसऱ्याच आजारासाठी रुग्णालयात भरती होणे, आणि वय झाल्यावर आपली काळजी परक्यांच्या हाती जाणे. शेवटच्या गोष्टीचा विचार फार थोडे जण आधी करतात, पण एचआयव्हीसह वृद्ध होणाऱ्यांची संख्या वाढते आहे आणि त्यांनी तो करायलाच हवा.

यांपैकी पुढच्या वर्षभरात तुमच्या वाट्याला येणारी एक वेळ निवडा आणि तिच्यासाठी एका कागदावर तीन गोष्टी लिहा. त्या आठवड्यात कोणाला फोन करायचा, समुपदेशकाची भेट कोणत्या तारखेला घ्यायची, आणि औषधांचा साठा कोठे व किती ठेवायचा. गर्भारपणाची शक्यता असेल तर त्या कागदावर आणखी एक नोंद करा: डॉक्टरांना आधी भेटायचे. उपचारांशिवाय आईकडून बाळाला संसर्ग होण्याचे प्रमाण १५ ते ४५ टक्के असते आणि योग्य उपचारांनी ते ५ टक्क्यांच्या खाली आणता येते, म्हणून ही भेट जितकी लवकर होईल तितकी चांगली. कागद औषधांच्या डबीजवळ ठेवा आणि ज्या एका माणसाला तुमचे निदान माहीत आहे, त्याला त्याची प्रत द्या.